भाताचं क्षेत्र नव्हे, साचलेलं पाणी कमी करा

'भाताखालची जमीन घटवल्याशिवाय मिथेन कमी होणार नाही' असं एक मत मांडलं जातं, ते मला पटत नाही. मिथेन म्हणजे हवामान तापवणारा वायू. भातशेतात तो तयार होतो साचलेल्या पाण्याखाली, मातीतला ऑक्सिजन संपल्यावर. त्याच क्षेत्रात पाणी आलटून पालटून दिलं, म्हणजे मध्ये शेत सुकू देऊन पुन्हा भरलं, तरी उत्सर्जन साधारण ३० ते ५० टक्के घटतं.

पाणी कधी भरायचं हे कळायला ३० सेंमीचा पाइप घ्या, खालच्या २० सेंमीला भोकं पाडा, तेवढाच भाग गाडून आतली माती काढा. पाइपातली पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंमी गेली की शेतात ५ सेंमी पाणी भरा. फुलोऱ्यात मात्र ताण नको, दाणे पोचट राहतात. नत्राची मात्राही जपून द्या. ओल-सुकीत जादा युरियाचा नायट्रस ऑक्साइड होतो, तोही हवामान तापवणारा वायू, आणि मिथेन घटवून कमावलेल्यातला काही भाग जातो. पाणी भरण्याच्या तोंडावर ताजा पेंढा तर गाडूच नका, त्यानं मिथेन वाढतो.