‘१२ ओ'क्लॉक’चे एकच रीळ : घ्यावे की सोडावे?

चर्चाप्रस्ताव (दर्यापूर)
बहिरमच्या यात्रेत तंबूत सिनेमे दाखवणाऱ्या एका जुन्या टुरिंग टॉकीजवाल्यांच्या घरी १९५८ सालच्या ‘१२ ओ'क्लॉक’ या रहस्यपटाची गाण्यांची पुस्तिका आणि ३५ मिलिमीटरचे एकच रीळ विकाऊ आहे. गुरुदत्त यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘प्यासा’ (१९५७) आणि ‘कागज के फूल’ (१९५९) यांच्या मधोमध आलेला हा चित्रपट, पडद्यावर गुरुदत्त व वहीदा रेहमान असूनही, दिग्दर्शन प्रमोद चक्रवर्ती यांचे असल्यामुळे रसिकांच्या बोलण्यातून सुटला; संग्राहकाला नेमके तेच खुणावते. पुस्तिकेतील कथासार तर नायिकेवर खुनाचा आळ येताच ‘पुढील हकीकत पडद्यावर पाहा’ म्हणून थांबते. साठ-पासष्ट वर्षे त्या पानाने खुन्याचे नाव फोडलेले नाही!

प्रतिसाद (वरुड)
सविनय असहमत. साठ वर्षांची मुदत सरल्यामुळे २०१९ पासून या चित्रपटावर स्वामित्वहक्क उरलेला नाही आणि तो मोबाइलवर पाहता येतो. मग हजार फुटांच्या, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटांच्या, तुकड्यासाठी कापसाचे पैसे का घालवावेत? अशा रिळांची ॲसिटेटची (एका प्रकारच्या प्लॅस्टिकची) फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजते, तिला आंबट वास सुटतो आणि ती शेजारच्या रिळांनाही नासवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली ते किती उन्हाळे काढील?

प्रतिसाद (मूर्तिजापूर)
वरुडकरांचा हिशेब चोख आहे, पण तो चित्रपटाचा झाला, वस्तूचा नाही. सी. पी. बेरार सर्किटच्या (मध्य प्रांत-वऱ्हाड या चित्रपट-वितरण विभागाच्या) प्रती अमरावती-भुसावळच्या वितरकांकडून गावोगाव फिरत, घासून जात आणि अखेरीस फिल्मच्या थरातली चांदी काढण्यासाठी भंगारात निघत. त्यातून वाचलेल्या रिळावर त्या फिरतीचे ओरखडे असतात. फक्त ते घरी ठेवू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी विचारावे, १९६४ पासून त्यांचे कामच ते आहे.

प्रतिसाद (वरुड)
ओरखड्यांनाच मोल असेल, तर आमचा जुना डवराही (शेतातले कोळपे) पुण्याला पाठवतो. पुस्तिकेला मात्र माझी हरकत नाही. कागदाला कडुनिंबाचा पाला पुरतो.

चर्चाप्रस्तावक (दर्यापूर)
काल डबा उघडला, तेव्हा लोणच्याची बरणी उघडल्यागत वास आला आणि फिल्मची कड लाटांसारखी वाकलेली दिसली. पुस्तिका तेवढी घ्यावी असे ठरवले होते, परंतु मालक दोन्ही एकत्रच देईन म्हणतात.