एनव्हीडीए वापरणाऱ्या अंध प्रोग्रॅमरने डेस्कटॉपसाठी कोणते टूलकिट घ्यावे?

प्रश्न (इंदूर)

नमस्कार. मी पूर्णतः अंध असून पायथनमध्ये काम करतो. मात्र आजवर लिहिलेले सर्व प्रोग्रॅम कमांड प्रॉम्प्टवर चालणारे होते. आता काकांच्या सियागंजातील किराण्याच्या घाऊक दुकानासाठी बिले आणि उधारी सांभाळणारा विंडोजचा प्रोग्रॅम लिहावयाचा आहे. गल्ल्यावर बसणारे मुनीमजी डोळस आहेत आणि त्यांना हिंदी लेबलांची नीटनेटकी खिडकी हवी आहे. महिनाअखेरीस उधारी मात्र मी स्वतः एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, साहाय्याने तपासणार आहे. पायथनबरोबरच मिळते म्हणून टीकेइंटर या टूलकिटमध्ये (खिडक्या, बटणे, रकाने तयार करून देणाऱ्या संचात) एक खिडकी करून पाहिली, पण टॅब दाबत गेल्यास ना रकान्याचे नाव ऐकू येते, ना बटणावरचा मजकूर. त्याऐवजी डब्ल्यूएक्सपायथन हे टूलकिट घ्यावे की क्यूटी? आणि जी मांडणी मला दिसणारच नाही, ती डोळस माणसाला बरी दिसेल याची काळजी कशी घ्यावी?

पहिले उत्तर (ग्वाल्हेर)

टीकेइंटरच्या मौनाचे कारण समजून घेतले तर निवड सोपी होईल. स्क्रीन रीडर पडद्यावरची अक्षरे पाहून वाचत नाही. फोकस ज्या घटकावर आहे, म्हणजे कीबोर्ड त्या क्षणी ज्या घटकावर काम करतो, त्याचे नाव, प्रकार आणि मूल्य तो विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी व्यवस्थेमार्फत प्रोग्रॅमलाच विचारतो. टीकेइंटरच्या मुळाशी असलेले टीके ८.६ आपली बटणे आणि रकाने बहुतांशी स्वतःच रंगवते आणि त्यांची ओळख या व्यवस्थेला कळवत नाही, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे तिथे कोणीच नसते. डब्ल्यूएक्सपायथनच्या मुळाशी असलेले डब्ल्यूएक्स मात्र बटण, रकाना, यादी या वस्तू शक्य तिथे विंडोजकडूनच मागून घेते आणि त्यांची ओळख आयतीच मिळते. खुद्द एनव्हीडीएच्या सेटिंगच्या खिडक्या डब्ल्यूएक्सपायथनमध्ये लिहिलेल्या आहेत. माझ्या मते याहून मोठी शिफारस असू शकत नाही.

तरीही त्यातील सगळेच घटक विंडोजचे नाहीत. ग्रिड हा तक्त्याचा घटक डब्ल्यूएक्स स्वतः रंगवते, म्हणून तो टाळावा आणि यादीसाठी रिपोर्ट पद्धतीतील लिस्टकंट्रोल वापरावा. दुसरी गोष्ट लेबलांची. विंडोजवर रकान्याचे नाव त्याच्या लगेच आधी निर्माण केलेल्या स्टॅटिकटेक्स्टवरून, म्हणजे लेबलाच्या घटकावरून, ठरते, तेव्हा कोडमध्ये आधी लेबल आणि मग रकाना हा क्रम कधीही मोडू नये. सेटनेम या फंक्शनने घटकाला नाव दिले की ते बोलले जाईल, ही समजूत इथे चालत नाही.

मांडणीसाठी पिक्सेल मोजण्याची गरज नाही. घटकांची जागा ठरवणाऱ्या सायझरला आडवे-उभे क्रम, मोकळी जागा आणि कोणता स्तंभ ताणला जावा एवढे सांगितले की बाकीचे तो पाहतो. शेवटी मुनीमजींना खिडकी लहानमोठी करून पाहावयास सांगावे, एवढी डोळस तपासणी पुरेशी होते.

दुसरे उत्तर (वडोदरा)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु बिलाचा विचार करता एक अडचण राहते. लिस्टकंट्रोलमध्ये मूळच्या सोयीने केवळ पहिल्या स्तंभातील मजकूर जागेवर बदलता येतो. नग आणि दर तक्त्यातच सुधारावयाचे असतील तर तो अपुरा पडतो. क्यूटी घटक स्वतः रंगवते हे खरे, पण त्यांची माहिती विंडोजच्या यूआय ऑटोमेशन या अ‍ॅक्सेसिबिलिटी व्यवस्थेला कळवण्याचे कामही तेच करते. स्वतः रंगवणारे प्रत्येक टूलकिट मुके असते असे मानणे म्हणूनच बरोबर नाही. क्यूटेबलविजेट या क्यूटीच्या तक्त्यातील मजकूर आणि शीर्षके स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचतात. लेबलाला सेटबडी या फंक्शनने रकान्याशी जोडावे. जिथे लेबल नाही, केवळ चित्राचे बटण आहे, तिथे सेटअ‍ॅक्सेसिबलनेम द्यावे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. क्यूएमएल या क्यूटीच्या खिडक्या रचण्याच्या वेगळ्या भाषेच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यात हाताने रचलेल्या घटकांची ओळख आपणच लिहून द्यावी लागते. क्यूटीच्या जुन्या विजेट्सवरच (तयार घटकांवरच) राहावे. तसेच टॅबची कळ मुळात तक्त्याच्या एका घरातून दुसऱ्या घरात नेते, त्यामुळे कीबोर्डवरच अवलंबून असलेला माणूस तक्त्यात अडकतो. सेटटॅबकीनॅव्हिगेशन बंद केल्यास ही कोंडी सुटते. परवान्याचा विचार असेल तर पायथनमधून क्यूटी वापरू देणाऱ्या दोन जोडण्यांपैकी पायसाइड एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळते, पायक्यूटी अधिक कडक अटींच्या जीपीएल परवान्याखाली किंवा विकत.

तिसरे उत्तर (इंदूर)

तक्त्यातच लिहिण्याचा आग्रह मुळात कशाला, असा माझा प्रश्न आहे. वर माल, नग आणि दर असे तीन रकाने ठेवावेत, एंटर दाबताच ओळ खालच्या यादीत जावी, आणि यादीतील ओळीवर एंटर दाबल्यास ती सुधारण्यासाठी पुन्हा वर यावी. गिऱ्हाइकांची गर्दी असताना मुनीमजींनाही हेच अधिक वेगाने जमेल, आणि मग डब्ल्यूएक्स पुरेसे ठरते.

हिंदी लेबलांबाबत एक सूचना. ऑल्टबरोबर दाबावयाचे अक्षर देवनागरी ठेवल्यास कीबोर्ड इंग्रजी मांडणीवर असताना ते उपयोगाचे राहत नाही. त्याऐवजी फंक्शन कळा नेमाव्यात, उदाहरणार्थ एफ-२ ने नवे बिल. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक एनजी या वाचक आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही आवाज आहेत, तेव्हा लेबले ऐकताना त्यांपैकी एखादा निवडावा. चुकीचा दर भरल्यावर रकाना केवळ लाल करू नये, आणि खाली लिहिलेला इशारा आपोआप बोलला जाईल अशी अपेक्षाही ठेवू नये. संदेशाची खिडकी उघडावी आणि ती बंद होताच फोकस त्या रकान्यावर परत न्यावा.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. तीन रकाने आणि खाली यादी ही रचना मला पटली, म्हणून बिलाची खिडकी डब्ल्यूएक्सपायथनमध्ये करीन. उधारीत मला केवळ वाचावयाचे असल्याने तिथेही लिस्टकंट्रोल चालेल. बिल छापण्याविषयी स्वतंत्रपणे विचारीन.