मदत हवी आहे: नगरसेवकपदाच्या उमेदवाराचे प्राधान्यक्रम एका पानात कसे बसवू?

पानगळ:
आत्या यंदा उभी राहतेय आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. लोकांनी सांगितलेल्या मागण्यांनी अख्खी वही भरलीय, छापखान्याला मजकूर परवा हवा. रस्ते, पाणी, कचरा सगळेच लिहितात. तिला मनापासून काम करायचंय ते लोकांनी एकत्र येण्याच्या जागांवर. काय ठेवू, काय काढू? नुसत्या शुभेच्छा नकोत, लवकर सांगा.

खडीसाखर:
कुठे उभ्या आहेत? नगरपरिषद की महापालिका? पक्षाकडून की अपक्ष? एका प्रभागात किती जागा?

वाटाड्या:
काहीही असो, पहिला मुद्दा पाणीच. आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं, तेही रात्री उशिरा. जी बाई झोप मोडून नळाला मोटर लावते तिला बाग आणि वाचनालय सांगून मत मिळत नाही. मी दोन निवडणुकांत प्रचार केलाय, अनुभवाने सांगतो.

जुना_वाडा:
जात वैधता प्रमाणपत्राचं बघितलं का? ते नसलं तर निवडून येऊनही पद जातं. माझ्या मित्राचं तसंच झालं.

पानगळ:
जागा सर्वसाधारण महिला आहे, तो प्रश्न नाही. महापालिका, अपक्ष, नेहमीसारखा चारचा प्रभाग. वाटाड्या, पाणी पत्रकात असेलच. मी बाकीचं विचारतेय.

खडीसाखर:
मग नीट ऐका. नगरसेवक स्वतः काहीच 'करून देत' नाही, कार्यकारी अधिकार आयुक्तांचे. तो अंदाजपत्रकात तरतूद मागतो, प्रभाग समितीत विषय लावतो, सभागृहात प्रश्न विचारतो, कामावर लक्ष ठेवतो. त्यामुळे वहीतली प्रत्येक मागणी आधी पालिकेची आहे का ते बघा. पोलीस चौकी, महावितरणचा डीपी, एसटीचा थांबा हे सरळ काढा. आणि आत्यांचा विषय कायद्यात कुठे बसतो तेही बघा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ बंधनकारक कामांचं, त्यात पाणी, गटार, दिवाबत्ती. बागा, मैदानं, वाचनालयं कलम ६६ मध्ये, म्हणजे ऐच्छिक. पैसे कमी पडले की कात्री आधी तिथेच लागते. म्हणून तर हा विषय लावून धरणारा माणूस सभागृहात हवा.

वाटाड्या:
म्हणजे मी म्हणतो तेच झालं. आधी बंधनकारक.

खडीसाखर:
नाही. बंधनकारक कामासाठी चारही नगरसेवक भांडणारच. ऐच्छिक कामांसाठी कोणी नसतं.

रानजाई:
फेरीवाले हटवण्याचं लिहा. फुटपाथवर चालायला जागा नाही, माझी सासू रस्त्यावरून चालते.

चाफा_२:
असं आश्वासन देताच येत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण, मग विक्री क्षेत्र. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावे लागतात. आणि संध्याकाळी रस्त्यावर बायका निर्धास्त फिरतात त्या याच फेरीवाल्यांच्या हातगाड्यांवरच्या उजेडामुळे.

रानजाई:
उजेडासाठी पालिकेचे दिवे आहेत. फुटपाथ चालणाऱ्यांचाच.

पानगळ:
हा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर घ्या. आमच्याकडचा खरा प्रश्न समाजमंदिराचा आहे. पालिकेचीच इमारत, दाराला गंजलेलं कुलूप. आत मागच्या निवडणुकीतल्या फ्लेक्सचे लोखंडी सांगाडे आणि मोडक्या खुर्च्या. दुपारी बायका बाहेरच्या पायऱ्यांवर मटार सोलत बसतात, ऊन सरकलं की त्याही एकेक पायरी सरकतात. किल्ली कोणाकडे, हे कार्यालयात कोणीच सांगत नाही.

खडीसाखर:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! हाच तुमचा पहिला मुद्दा. नवीन बांधकाम नाही, फक्त कुलूप उघडायचं, वेळा ठरवायच्या, देखभालीची तरतूद मागायची. आजच माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: ताबा कोणाकडे, भाडेकरार झालाय का. उत्तराची मुदत ३० दिवस आहे, मतदानाआधी येईलच असं नाही, पण अर्ज केलाय हे पत्रकात सांगता येतं.

चाफा_२:
दुसरा मुद्दा क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांची सभा. २००९ मध्ये कायद्यात तरतूद झाली, पण आमच्या भागात आजवर एकही झालेली नाही. 'दर तिमाहीला सभा, त्याच समाजमंदिरात' असं लिहा. २०२२ पासून बऱ्याच महापालिका प्रशासकांच्या हाती गेल्या, तक्रार घेऊन जायचं कोणाकडे हेच लोकांना कळत नव्हतं.

वाटाड्या:
सभेला दहा डोकी येतात. त्यातली सात पक्षाची.

चाफा_२:
संध्याकाळी आठला ठेवली आणि मागच्या सभेतल्या कामाचं काय झालं ते आधी वाचून दाखवलं तर येतात लोक.

जुना_वाडा:
पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात. तुमच्याकडे आहे का तसं?

पानगळ:
नाही. पण मागणी म्हणून घालते. मग असं: समाजमंदिर उघडणं, तिमाही क्षेत्रसभा, नागरिकांनी सुचवलेल्या कामांना अंदाजपत्रकात जागा, आणि पाण्याच्या वेळा आदल्या दिवशी कळवणं. वाटाड्या, शेवटचं तुमच्यासाठी. आत्याला वाचून दाखवलं, तिने समाजमंदिर सर्वात वर घ्यायला सांगितलंय. चिन्हासाठी कोपऱ्यात चौकट सोडलीय.

खडीसाखर:
चौकट? चिन्ह मिळालं नाही अजून?

पानगळ:
माघारीची मुदत संपल्यावर मिळणार.

खडीसाखर:
मग परवा छापू नका. चिन्हाशिवाय अपक्षाचं पत्रक वाया जातं. मजकूर छापखान्यात तयार ठेवा, चिन्ह मिळालं की त्याच दिवशी छपाईला द्या. मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या खाली छापायला सांगा.