ओल्ड मॅक्डोनाल्ड : झेरॉक्स मारलेला गोल्फ कोर्स थोर कसा काय?

चारपट

मागच्या महिन्यात आम्ही चौघं पोर्टलंडहून बँडन ड्यून्स या गोल्फ रिसॉर्टला जाऊन आलो. चार-पाच तास गाडी, मग तीन दिवस नुसतं चालणं, कारण तिथे कार्टची भानगडच नाही, पायाला फोड आले ते वेगळंच. तिथल्या पॅसिफिक ड्यून्स या कोर्सवर बोलतीच बंद झाली, त्यात वाद नाही. पण ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकलं होतं तो ओल्ड मॅक्डोनाल्ड खेळून मी चिडून बाहेर पडलो, आणि घरी कोणी ऐकून घेत नाही म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड १८७२ मध्ये, सोळाव्या वर्षी, सेंट अँड्र्यूजला आजोबांकडे शिकायला गेला आणि तिथे त्याला गोल्फचं वेड लागलं. परत येऊन त्याने शिकागोला अमेरिकेतला पहिला १८ होलचा कोर्स काढला, १८९५ ची पहिली यूएस अमॅच्युअरही जिंकला. मग ब्रिटनच्या वाऱ्या करून तिथल्या गाजलेल्या होलची टिपणं आणि मापं गोळा केली आणि लाँग आयलंडवर नॅशनल गोल्फ लिंक्स उभा केला, तो १९११ ला रीतसर उघडला. रेडान, ईडन, आल्प्स, रोड, शॉर्ट हे सगळे 'टेम्प्लेट' (पुन्हा पुन्हा बांधले जाणारे नमुना-होल) तिथून पुढे अमेरिकाभर पसरले. आणि २०१० मध्ये टॉम डोक आणि जिम अर्बिना या डिझायनरांनी ओरेगॉनच्या वाळूत या मॅक्डोनाल्डच्या नावाने आणखी एक कोर्स केला. म्हणजे स्कॉटलंडची कॉपी लाँग आयलंडला आणि त्या कॉपीची कॉपी पॅसिफिकला!

मला तर हायवेवरचं वाडा-थीम रिसॉर्टच आठवलं. दिंडी दरवाजा आहे, तुळशीवृंदावन आहे, ओसरीवर झोपाळा आहे, फक्त त्या वाड्यात कोणाचं बारसं झालेलं नाही की कोणी भांडून वेगळं निघालेलं नाही.

बरं खेळायला तरी? पाचव्या होलवर, म्हणजे शॉर्टवर, टी शॉट (होलचा पहिला फटका) ग्रीनवर (झेंडा असतो त्या बारीक गवताच्या भागावर) पडला म्हणून मी हात वर करून नाचलो आणि जाऊन बघतो तर झेंडा पार पलीकडच्या टोकाला, मधे दोन टेकाडं. बॉल होलमध्ये घालायला चार पट, म्हणजे ग्रीनवरचे चार हलके फटके. (आयडी त्याच दिवशी बदलला.) तिसऱ्यावर टी शॉट आंधळा, सोळाव्यावर अप्रोच (ग्रीनकडे मारायचा फटका) आंधळा. चांगला शॉट मारायचा आणि तो कुठे गेला ते टेकडी चढून बघायचं, हे गोल्फ की लपाछपी?

गॉर्समधला_बॉल

अहो चारपट, आधी एक दुरुस्ती. बँडनच्या मालकाची, माइक कायझरची, मूळ इच्छा खरोखरच झेरॉक्सची होती. लाँग आयलंडवर मॅक्डोनाल्डचाच १९१७ चा लिडो नावाचा कोर्स होता, दुसऱ्या महायुद्धात नेव्हीने जागा घेतली आणि तो संपला, तोच जसाच्या तसा इथे बांधायचा विचार होता. डोकने सांगितलं की तसं नको, या जमिनीवर मॅक्डोनाल्ड आला असता तर त्याने काय केलं असतं ते करू. तुम्ही ज्याला कॉपी म्हणताय तो कॉपी न करण्याचा निर्णय होता. खरी झेरॉक्स हवी असेल तर विस्कॉन्सिनला सँड व्हॅलीला जा, तिथे कायझरच्या पोरांनी २०२३ मध्ये लिडो उभा केला, काँप्युटरवर मॉडेल बनवून आणि जीपीएसवर बुलडोझर चालवून, डिझायनर परत डोकच. बापाला करायचं होतं ते पोरांनी केलं.

दुसरं, रेडानचं बघा. मूळ होल नॉर्थ बेरिकचा पंधरावा, नाव क्रिमियन युद्धातल्या एका किल्ल्यावरून पडलेलं. त्यात आहे काय, तर तिरकं बसवलेलं ग्रीन, पुढे डावीकडे खोल बंकर (वाळूचा खड्डा), आणि ग्रीनचा उतार उजवीकडून डावीकडे, शिवाय तुमच्यापासून लांब जाणारा. झेंड्यावर नेम धरलात तर बहुतेक वेळा फसता. उजव्या खांद्यावर बॉल टाकायचा आणि जमिनीला तो घेऊन जाऊ द्यायचा. कॉपी होते ती एवढीच आयडिया. वारा, उतार, माती, बाऊन्स हे सगळं त्या त्या गावचं. नॅशनलचा चौथा आणि ओल्ड मॅकचा बारावा, दोन्ही रेडान, पण शेजारी ठेवले तर चुलत भाऊ वाटतील, जुळे नाही.

सिंगल_फिगर

चारपटशी सहमत, पण कारण वेगळं. माझा प्रॉब्लेम कॉपीचा नाही, रुंदीचा आहे. फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी) एवढे मोठे की विमान उतरेल. ड्रायव्हर (लांब मारायची काठी) काढायचा, डोळे मिटून मारायचा, बॉल सापडतोच. मी नऊचा हॅंडिकॅप (जितका कमी तितका खेळ चांगला) आणायला दहा वर्षं घासली आणि माझ्याबरोबरचा पंचवीसवाला माझ्याच शेजारी उभा. मग सरळ मारण्याला किंमत काय राहिली? क्लासिकल डिझाइन म्हणे. पूर्वी गवत कापायला मेंढ्या होत्या म्हणून आजही मेंढ्या सोडायच्या का?

गॉर्समधला_बॉल

@सिंगल_फिगर शेजारी उभा होता ना, पण झेंडा कुठे होता? सेंट अँड्र्यूजचा सतरावा घ्या, रोड होल, ज्यावरून हे टेम्प्लेट निघालं. ग्रीनच्या पुढे डावीकडे रोड बंकर. डावीकडे सेफ ड्राइव्ह मारला तर अप्रोचला तो बंकर मधोमध येतो, ग्रीन आडवं आणि अरुंद दिसतं, आणि जरा लांब गेला की रस्ता, त्यापलीकडे भिंत. उजवीकडून आलात तर ग्रीन लांबीत उघडतं, पण उजवीकडे मारायचं म्हणजे हॉटेलच्या आवारावरून, चुकला की आउट ऑफ बाउंड्स. फेअरवेत असणं आणि *बरोबर* फेअरवेत असणं यात फरक आहे. रुंदी त्याच्यासाठीच असते. अरुंद कोर्सवर तुमच्या वतीने डिझायनरने आधीच विचार करून टाकलेला असतो, तुम्ही फक्त हुकूम पाळायचा.

मेंढ्यांबद्दल नो कॉमेंट्स, मला आवडतील.

नऊ_वूड

बायकांच्या बाजूने कोणी बोलत नाहीये म्हणून मी लिहिते. माझा ड्राइव्ह रोलसकट १५० यार्ड, चांगल्या दिवशी. नेहमीच्या 'चॅम्पियनशिप' कोर्सवर माझा दिवस असा जातो: पाण्यावरून कॅरी (हवेतून पार जाणं) नाही म्हणून ड्रॉप, बंकरवरून कॅरी नाही म्हणून ले-अप (मुद्दाम अलीकडे मारलेला फटका), आणि नवरा तिकडे थांबून घड्याळ बघतोय. ओल्ड मॅकवर मी पहिल्यांदा पूर्ण राउंड एकच बॉल वापरला. रेडानवर ग्रीनच्या बरंच अलीकडे उजवीकडे टाकला, फेस्क्यूचं कडक गवत, खाली वाळू, बॉल रांगत रांगत गेला आणि डावीकडे वळून चढला ग्रीनवर. नवऱ्याने सात आयर्न उंच मारलं, झेंड्याजवळ पडलं आणि मागे निघून गेलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

ग्रीनच्या बाहेरून तीस-चाळीस यार्डांवरनं पटर मारायला मिळतो आणि तोच बरोबर शॉट असतो, याची मजा चांगल्या खेळाडूंना कळत नाही बहुतेक. त्यांना वेज (बॉल उंच उडवणारी काठी) मारून कॉलर ताठ करायची असते.

ब्राऊनवाला

मी पुण्याहून. एक प्रामाणिक शंका. आमच्याकडे गोल्फ म्हणजे झाडांमधून काढलेली गल्ली, आणि माझी सुरुवात तर अशा कोर्सवर झाली जिथे ग्रीनच नव्हतं, तेल मारलेल्या वाळूचे 'ब्राऊन' होते, पट मारायच्या आधी पोरगा येऊन लाइनवरची वाळू ओढून सपाट करायचा. इथे जुलैत बॉल जिथे पडतो तिथेच रुततो, रोल हा शब्द ऑक्टोबरनंतरचा. काळ्या मातीत रेडान बांधलं तर बॉल खांद्यावर पडून तिथेच चिखलात बसेल आणि सगळं शास्त्र वाया. मग हे 'क्लासिकल' म्हणजे डिझाइन आहे की नुसतं वाळूचं नशीब? वाळू काढून घेतली तर मॅक्डोनाल्डचं काय उरतं?

सिंगल_फिगर

+१ ब्राऊनवाला. हेच म्हणायचं होतं, मला नीट सांगता आलं नाही.

गॉर्समधला_बॉल

@ब्राऊनवाला धाग्यातला पहिला खरा मुद्दा. वाळू लागते, अर्धं मान्य. पण शिकागो गोल्फ क्लब बघा, व्हीटनला, ना समुद्र ना डोंगर, बऱ्यापैकी सपाट. मॅक्डोनाल्डचा चेला सेथ रेनर, मूळचा सर्व्हेअर, त्याने १९२३ मध्ये तो नव्याने केला, त्याच टेम्प्लेटवर, आणि आज शंभर वर्षांनीही लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. निचरा नीट केला आणि पाणी कमी घातलं तर बरंच जमतं. पुण्यात डिसेंबर ते मे जमीन कडकच असते की, आपणच पाणी मारमारून हिरवीगार ठेवतो कारण मेंबरांना हिरवं बघायला आवडतं. पावसाळ्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

तंबोरा

मला वाटतं याला बंदिशीसारखं बघावं. बंदीश तीच, गाणारा वेगळा, घराणं वेगळं. रेडान ही बंदीश...

चारपट

आलं! रागसंगीत आलं! मराठी धागा आणि दहाव्या प्रतिसादाच्या आत बंदीश नाही असं होणं शक्य नाही. (ह. घ्या.)

पण सीरियसली, उदाहरण माझ्या बाजूने जातं. गाणारा मैफलीत बंदीश मांडतो ती त्या रात्रीपुरती. इथे बुलडोझरने मांडलीय, रोज सकाळी तीच, जागासुद्धा त्याच.

तंबोरा

रोज तीच? बँडनला उन्हाळ्यात वारा उत्तरेचा आणि हिवाळ्यात दक्षिणेचा. तोच होल सहा महिन्यांनी उलटा खेळतो. तुम्ही एकदाच गेलात ना?

केपचा_कीस

अवांतर: बरेच लोक 'केप' म्हणजे पाण्याच्या कोपऱ्यावरून मारायचा टी शॉट समजतात. तसं नाही. नॅशनलच्या चौदाव्याचं मूळ ग्रीन खाडीत घुसलेलं होतं, भूशिरासारखं, म्हणून केप. नंतर रस्त्यामुळे ग्रीन हलवलं आणि नाव तेवढं राहिलं. आणि हे टेम्प्लेट ब्रिटनमधून आणलेलं नाही, मॅक्डोनाल्डचं स्वतःचं आहे. म्हणजे ज्याला चारपट झेरॉक्सवाला म्हणतात त्याचीच पुढे लोकांनी झेरॉक्स काढली.

अति अवांतर: बँडनचं ते काटेरी पिवळं गॉर्सही आयातच. आयर्लंडच्या बँडनहून आलेल्या एका गृहस्थाने गावाला नाव दिलं आणि झुडूपही लावलं. १९३६ च्या आगीत ते असं पेटलं की जवळजवळ सगळं गाव खाक. कॉपी नको असेल तर तिथलं झुडूपसुद्धा उपटावं लागेल.

चारपट

झुडपाचं माहीत नव्हतं, त्यात माझे तीन बॉल आहेत.

बरं, थोडा मागे येतो. नऊ_वूड ताईंचं वाचून जरा ओशाळलो, कारण आमच्यातही एक जण जेमतेम १६० मारणारा होता आणि तीन दिवसांत फक्त ओल्ड मॅकवर तो शेवटपर्यंत हसत होता, मी तेव्हा स्वतःचे पट मोजण्यात बुडालेलो. आणि तिसऱ्याचं एक कबूल करतो. ते घोस्ट ट्री म्हणून गाजलेलं वाळकं झाड असलेल्या टेकडीवरून आंधळा शॉट मारून, शिव्या देत वर चढलो आणि पलीकडे एकदम सगळा कोर्स आणि मागे समुद्र. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. बॉलही सापडला.

पण तरी वाड्याचं माझं मत तेच. मला विचाराल तर त्या कोर्सचा सगळ्यात भारी होल सातवा, ओशन, समुद्राकडे चढत जाणारा, कड्यावर ग्रीन. आणि तो कुठल्याही टेम्प्लेटमधला नाही! तिथे कोणी मापं घेऊन आलं नव्हतं, जमिनीने सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. मग अठराही तसेच का नाही केले?

गॉर्समधला_बॉल

अठरा तसे केलेला कोर्स शेजारीच आहे, पॅसिफिक ड्यून्स, तुमची बोलती बंद झाली होती तोच. त्याच माणसाने २००१ ला केलाय. एकाच गावात दोन्ही आहेत हे बरंच आहे की. रोज पुरणपोळी खाणार का?

नऊ_वूड

चारपट, परत जाल तेव्हा पाचव्यावर टीवरून झेंडा कुठल्या भागात आहे ते कॅडीला विचारा आणि ग्रीनला एक ग्रीन समजू नका, चार-पाच लहान ग्रीन समजा. चुकीच्या भागात पडला म्हणजे ग्रीन चुकलं असंच धरायचं. माझे तिथे दोन पट झाले, उगाच सांगतेय.

चारपट

उगाच सांगताय ते कळलं 😄 ठीक, शॉर्ट मान्य, रेडान मान्य. सोळावा आल्प्स मात्र मेलो तरी मान्य नाही. समोर डोंगर, मागे ग्रीन, अंदाजपंचे दाहोदरसे.

केपचा_कीस

मूळ आल्प्स प्रेस्टविकचा सतरावा, जिथे १८६० ला पहिली ओपन झाली. तिथेही ग्रीन दिसत नाही आणि टेकडीपलीकडे सहारा नावाचा मोठा बंकर आ वासून बसलाय. पण मागच्यांना कळावं म्हणून ग्रीनवरून निघताना वाजवायला तिथे घंटा ठेवलीय.

चारपट

तेच तर म्हणतोय मी मघापासून. घंटा!