गोल्डफिशच्या अंगावर 'चालणारा खवला', हे काय आहे?

काचेपलीकडे (सातारा)
नमस्कार मंडळी. तीन फुटी टाकी, साधारण ११० लिटर पाणी, स्पंज फिल्टर, चार गोल्डफिश. पंधरा दिवसांपासून दोन मासे दगडाला अंग घासतायत, मध्येच सुसाट पळतात. दुकानदाराने मासे न बघताच "पांढरे ठिपके असणार" म्हणून निळं औषध दिलं. चार दिवस टाकलं. टाकीचा सिलिकॉन निळा झाला, माझी बोटं निळी झाली, मासे होते तसेच.

काल मुलगी काचेला नाक लावून बसली होती. म्हणाली, "बाबा, याचा एक खवला चालतोय." मी हसलो. मग भिंग घेऊन बघितलं तर खरंच चालत होता! तिळाहून जरा मोठा, चपटा, हिरवट, आरपार दिसणारा. शेपटीजवळ लाल चट्टाही आहे. काय करू? मीठ टाकू का?

मोरपंखी
जाडं मीठ टाका, दहा लिटरला दोन चमचे. माझ्या मॉलीला त्यानेच बरं वाटलं होतं.

गच्चीवरचा हौद (इचलकरंजी)
आधी मुलीला शाबासकी द्या. जे दुकानदाराला सुचलं नाही ते तिने केलं, माशाकडे बघितलं.

ही माशांची ऊ, अर्ग्युलस. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असता तर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले असते आणि ते जागचे हलले नसते, कारण तो जीव कातडीच्या आत असतो. अँकर वर्म हा दुसरा परजीवी दोऱ्यासारखा लोंबतो, टोकाला दोन फाटे, तोंड मांसात रुतलेलं. अंगावरून सरकते ती ऊच. भिंगातून नीट बघा, दोन काळे डोळे आणि खालून चिकटायच्या दोन गोल वाट्या दिसतील.

मोरपंखीताई, मॉलीची गोष्ट वेगळी. मीठ जखमेला बरं, पण तेवढ्या मिठाने ऊ मरत नाही.

मासा ओल्या फडक्यावर घ्या, डोळ्यांवर फडक्याचं टोक टाका. बोथट चिमट्याने ऊ डोक्याकडून शेपटीकडे सरकवत काढा, उलट दिशेने खवला उपटेल. चट्ट्यावर कापसाने पोव्हिडोन-आयोडीन लावा, कल्ल्यात जाऊ देऊ नका. अर्ध्या मिनिटात मासा पाण्यात.

पण खरी भानगड पुढेच आहे. २०१७ साली मी माझ्या कोई माशांच्या अंगावरून मोजून ३१ उवा काढल्या आणि लढाई जिंकल्यासारखा चहा प्यायलो. तीन आठवड्यांनी तेवढ्याच परत! मादी अंडी घालायला मासा सोडून जाते आणि काचेवर, दगडावर, पाइपवर ओळीने चिकटवते. चिमटा तिथे पोचत नाही, औषधही अंड्यात शिरत नाही. लाल पोटॅशियमचंही (पोटॅशियम परमँगनेट) तेच, शिवाय त्याचं माप चुकलं की कल्ले जळतात. रंगावर अंदाज बांधून मी एक जुनी कोई घालवली आहे.

एक सांगा, महिन्याभरात टाकीत नवीन काय आलं?

काचेपलीकडे (सातारा)
मासे नाहीत. पण तळ्यातून जलपर्णी आणली होती, सावलीला. नळाखाली धुतली होती...

गच्चीवरचा हौद (इचलकरंजी)
मग सापडलं. धुऊन अंडी निघत नाहीत. जलपर्णी आजच उन्हात वाळत टाका.

खाडीकाठची (रत्नागिरी)
मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून थोडं. ऊ कोळंबीच्या नात्यातली, कात टाकत वाढते. उवांवरचं औषध डायफ्लुबेन्झुरॉन नेमकी ती कात बिघडवतं, त्यामुळे लगेच काही मरत नाही. घाबरून दुप्पट टाकू नका. मात्रा लिटरला ०.०६६ मिलिग्रॅम. पावडर २५ टक्क्यांची असेल तर १ ग्रॅम एक लिटर पाण्यात घाला. ती विरघळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी जोरात हलवा. तुमच्या टाकीला त्यातलं ३० मिली पुरे. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा. उबदार पाण्यात अंडी दोन ते चार आठवड्यांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा.

हे शेतीचं कीटकनाशक आहे, हातमोजे घाला. औषधाचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, तिथले खेकडे-झिंगे मरतील. घरात झिंग्यांची टाकी असेल तर जाळी आणि बादली वेगळी ठेवा.

काचेपलीकडे (सातारा)
झिंगे आहेत! शेजारच्या टाकीत बारा चेरी, आणि जाळी एकच. आजच दुसरी आणतो.

काचेपलीकडे (सातारा)
अठरा दिवसांनी. पहिल्या रात्री सात उवा काढल्या, मुलगी विजेरी धरून उभी. स्पंजमागच्या काचेवर पिवळट दाण्यांच्या तीन ओळी होत्या, ब्लेडने खरवडून पुसल्या. दुसरी मात्रा परवा-तेरवा झाली. घासणं थांबलंय, चट्टा भरतोय. काल मात्र टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी पाण्यात गरगरताना दिसलं. मात्रा वाढवू का?

गच्चीवरचा हौद (इचलकरंजी)
वाढवू नका. नुकतं फुटलेलं पिल्लू असणार. पहिली कात टाकू दे त्याला. आणि विजेरी मुलीकडेच ठेवा.