मदत हवी आहे: सहा जणांना राणीच्या बागेत दिवस घालवणं परवडेल?

डोंबिवलीहून येणार आहोत. आम्ही दोघं, सात आणि चार वर्षांची मुलं, शिवाय सासू-सासरे. २०१७ च्या दरवाढीत आई-वडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपये ठरले होते, त्यामुळे तिकिटाची काळजी नाही. काळजी आहे ती वेळेची आणि पायपिटीची. हंबोल्ट पेंग्विन, वाघ, काचेतून दिसणाऱ्या मगरी, एवढ्यावर मुलं संध्याकाळपर्यंत रमतात का? सासऱ्यांना झाडांचं फार वेड. गोरखचिंच आणि उर्वशी बघून त्यांचा दिवस सार्थकी लागेल! सासूबाईंचे मात्र गुडघे दुखतात. बसायला सावलीत बाकं पुरेशी आहेत का? बुधवारी बंद असतं, म्हणून गुरुवार धरलाय. पेंग्विनच्या रांगेत किती वेळ जातो? आणि घरचा डबा आत नेऊ देतात का?