अमेरिकेतून आलेली 'नेपोलियन डायनामाइट'ची डीव्हीडी चालेना, काय करू?

शेंगाचटणी: मंडळी, मामांनी अमेरिकेहून येताना जुन्या डीव्हीड्यांचा खोका आणलाय, त्यात ही २००४ ची निघाली. कव्हर बघून लै उत्सुकता लागलीय पण प्लेअरात घातली की दोनदा घरघर करतो, 'रीजन' का कायतरी एरर दाखवतो आणि ट्रे बाहेर काढतो. नवी पेठेत एकाला दाखवली तर म्हणला डिस्क खराब आहे, टाकून द्या. अहो पण आरशासारखी आहे, एक ओरखडा नाही! आणि पिक्चर तरी बरा आहे का, की उगीच धडपड करायलोय?

भैय्याचौककर: टाकू नका. डीव्हीडीला जगाच्या भागाप्रमाणे रीजन नंबर असतो; अमेरिकेची डिस्क रीजन १, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५, म्हणून घेईना. कॉम्प्युटरवर व्हीएलसीत (व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर) लावून बघा, बऱ्याचदा चालते. फक्त रीजन बदलू का असं विचारलं तर घाईत हो म्हणू नका, ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकला. मी भावाच्या लॅपटॉपचा घालवलाय, अजून बोलत नाही.

पिंट्या_होटगीरोड: मी तर झोपलो बे. स्टोरीच नाही. पोरगं तोंड वासून फिरतंय, आजी वाळूत गाडीवरनं पडती, काका अजून १९८२ मध्येच अडकलाय. संपला.

बाकशेवटचा: पिंट्या, स्टोरी नाही हीच तर गंमत की! दिग्दर्शक जॅरेड हेस ज्या शाळेत शिकला तिथंच, आयडाहोतल्या प्रेस्टन गावात, ४ लाख डॉलरात शूटिंग केलं, हिरो जॉन हेडरला आधी मिळाले १ हजार डॉलर, आणि धंदा झाला ४ कोटी डॉलरच्या वर. तो पँटच्या खिशात तळलेले बटाट्याचे गोळे भरून आणतो आणि वर्गात गुपचूप खातो, ते बघून मी हसून हसून लोळलो, कारण आमच्या चड्डीच्या खिशात भाजक्या शेंगा असायच्या, टरफलं बाकाखाली, सर वळले की गाल फुगवून गप्प. सेम तेच तोंड! त्याचा दोस्त पेड्रो शाळेच्या निवडणुकीला उभा राहतो, तिथल्या डान्सपर्यंत तरी जागा रहा. आणि नावं पडायला लागली म्हणून बंद करू नका, शेवटी हिरोच्या भावाचं लग्न आहे.

शेंगाचटणी: चालली!! व्हीएलसीत, काही न विचारता. आई पण येऊन बसली, लामाला बघून म्हणती हा उंट आहे का मेंढी, आणि ह्या पोराला घरात कोणी नीट जेवायला घालत नाही का.

पिंट्या_होटगीरोड: काकूंना विचार, डान्स आवडला का?

शेंगाचटणी: म्हणल्या, वरातीत बरा चालंल.